नाट्यगृहाच्या दारातील फुलवाली : युरोपीय राजधानीतील रंजन आणि उपनगरातील मराठी प्रेक्षक

प्रास्ताविक

लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन या राजधान्यांचे नाव घेताच नाट्यगृहे, संगीतिका, चित्रसंग्रहालये आणि रात्री उशिरापर्यंत जागे असणारे रस्ते डोळ्यांसमोर येतात. या शहरांतील कलांचा आस्वाद मराठी माणसाने कसा घेतला, याचा विचार आपल्याकडे सामान्यतः दोन अंगांनी झालेला आहे. एक, प्रवासवर्णनांच्या अभ्यासातून आणि दुसरे, पाश्चात्त्य नाटकांचा मराठी रंगभूमीवरील प्रभाव शोधण्याच्या निमित्ताने. पहिल्यात प्रवासी लेखकाची दृष्टी आणि शैली तपासली जाते, तर दुसऱ्यात मूळ संहिता आणि रूपांतर यांची तुलना होते. या दोन्ही अभ्यासांत एक व्यक्ती मात्र बाहेरच राहते. ती म्हणजे लंडनला कधीही न गेलेला, परंतु लंडनचे नाटक बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या नाट्यगृहात बसून मराठीतून पाहिलेला प्रेक्षक. या प्रेक्षकाने नेमका कशाचा आस्वाद घेतला, हा या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी पु. ल. देशपांडे यांचे 'ती फुलराणी' (१९७५) हे नाटक प्रामुख्याने विचारात घेतले आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'चे हे रूपांतर आहे, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या अनुषंगाने 'अंमलदार' (१९५२) आणि 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) या पु. लं.च्याच दोन रूपांतरांचा उल्लेख येईल. रूपांतरित नाटक राजधानीतील रंजनाबरोबर त्या रंजनाच्या दारात उभा असलेला प्रश्नही घेऊन येते. परंतु आपण प्रेक्षक, समीक्षक आणि विशेषतः अध्यापक म्हणून त्या प्रश्नाला हसून बगल दिली आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे प्रतिपादन आहे.

राजधानी पाहिलेले लेखक

मराठीत युरोपच्या प्रवासाची परंपरा जुनी आहे. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' हे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच दोन राजधान्या आहेत. धुके लंडनचे आणि लाल तारा मॉस्कोचा. याच काणेकरांनी इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'चे 'घरकुल' (१९४१) हे मराठी रूप सिद्ध केले. ज्या नाटकाचा पहिला प्रयोग १८७९ साली कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये झाला, ते नाटक सहा दशकांनी मराठीत आले. पु. ल. देशपांडे बीबीसीमध्ये दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी गेले आणि त्या प्रवासातून 'अपूर्वाई' (१९६०) हे पुस्तक निर्माण झाले. पुढे पेशाने डॉक्टर असलेल्या आणि लंडनमध्येच स्थायिक झालेल्या मीना प्रभू यांनी 'माझं लंडन' लिहिले. पाहुण्याचे लंडन आणि रहिवाशाचे लंडन असा फरक मराठी वाचकाला या दोन पुस्तकांतून जाणवतो.

काणेकर आणि पु. ल. यांच्यात एक साम्य आहे, ज्याकडे प्रवासवर्णनाचा अभ्यासक सहसा वळत नाही. दोघांनीही युरोप पाहून त्याचे वर्णन केले, शिवाय युरोपच्या रंगभूमीवरची नाटके मराठीत उभी केली. प्रवासवर्णन वाचणारा वाचक लेखकाच्या आस्वादात सहभागी होतो; त्याला मिळते ती आस्वादाची वार्ता. रूपांतर पाहणारा प्रेक्षक मात्र स्वतः आस्वाद घेतो. लेखक त्याला राजधानीत काय काय असते ते सांगत बसत नाही. तेथे जे पाहून माणसे हसली, रडली, संतापली, ते त्याच्यासमोर त्याच्या भाषेत आणून ठेवतो.

येथे स्थळाचा एक संदर्भ नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. पु. लं.चे बालपण जोगेश्वरी आणि पार्ले येथे गेले. पार्ले टिळक विद्यालय आणि जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ महाविद्यालय या त्यांच्या शिक्षणसंस्था. म्हणजे मराठी प्रेक्षकाला लंडन, पीटर्सबर्ग आणि बर्लिन येथील नाटके दाखवणारा हा लेखक अंधेरी स्थानकाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या स्थानकांवर वाढला. ज्या महाविद्यालयांत आज आपण 'ती फुलराणी' शिकवतो, त्यांतील कित्येक याच रेल्वेमार्गावर आहेत.

नाट्यगृहाचे दार

'पिग्मॅलियन'चा आरंभ कोठे होतो, याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. लंडन, रात्रीचे सव्वाअकरा, मुसळधार पाऊस. कॉव्हेंट गार्डनमधील सेंट पॉल चर्चच्या दर्शनी खांबांखाली माणसे आडोशाला उभी आहेत. नाटक नुकतेच सुटले आहे. उंची पोशाखातील आई आणि मुलगी टॅक्सीसाठी ताटकळल्या आहेत. मुलगा टॅक्सी शोधायला गेला आहे आणि त्याला ती मिळत नाही. पावसाळ्यात रात्रीच्या प्रयोगानंतर मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिराबाहेर रिक्षेची वाट पाहिलेल्या कोणाही प्रेक्षकाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. या गर्दीत एक मुलगी फुले विकते आहे. तिने नाटक पाहिलेले नाही. नाटक पाहून बाहेर पडणाऱ्यांवर तिचा चरितार्थ चालतो.

शॉने आपले नाटक राजधानीतील रंजनाच्या दारात सुरू केले, हा योगायोग नव्हे. कॉव्हेंट गार्डन हे त्या काळी एकाच वेळी संगीतिकागृहाचे आणि भाजी, फळे व फुले यांच्या घाऊक बाजाराचे ठिकाण होते. हा बाजार १९७४ साली तेथून हलला. आस्वाद घेणारे आणि तो घेणाऱ्यांना फुले विकणारे एकाच चौकात असत. त्यांच्यातील अंतर उच्चारांवरून मोजले जाई. प्राध्यापक हिगिन्स याच चौकात उभा राहून प्रत्येकाच्या बोलण्यावरून त्याचे गाव आणि गल्ली ओळखतो. एलायझाच्या तोंडची पहिली काही वाक्ये शॉ उच्चाराबरहुकूम लिहितो आणि लगेच कंसात सांगून टाकतो की, हा प्रयत्न लंडनबाहेरच्या वाचकाला कळणार नाही, सबब तो सोडून द्यावा लागत आहे. या छोट्या सूचनेत रूपांतराचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. एलायझाची भाषा लंडनबाहेर जाऊ शकत नाही. जी भाषा बाहेर जाऊ शकत नाही तिच्यावरच नाटक उभे आहे. मग ते नाटक बाहेर जायचे कसे?

आश्चर्याची गोष्ट अशी की, हे नाटक प्रथम रंगले तेच लंडनबाहेर. १६ ऑक्टोबर १९१३ रोजी व्हिएन्ना येथे, जर्मन भाषांतरात. लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये ते ११ एप्रिल १९१४ रोजी आले. तेथे मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांच्या तोंडी आलेल्या एका शिवीवजा शब्दाने खळबळ उडाली. लंडनच्या उच्चारांवरचे नाटक लंडनच्या आधी दुसऱ्या राजधानीने दुसऱ्या भाषेत पाहिले, ही घटना मूळ श्रेष्ठ आणि रूपांतर दुय्यम या आपल्या सवयीच्या समजुतीला धक्का देणारी आहे. प्रत्येक भाषेला आपली एलायझा आपल्याच चौकात शोधावी लागते.

मुंबईच्या उपनगरांत हे दोनदा घडले. मराठीत 'ती फुलराणी' आली आणि त्याच दशकात मधू राय यांनी गुजरातीत 'संतु रंगीली' लिहिले. प्रवीण जोशी यांचे दिग्दर्शन आणि सरिता जोशी यांची भूमिका असलेले ते नाटक गुजराती प्रेक्षकाच्या स्मरणात अजून आहे. घाटकोपर-मुलुंडच्या एकाच इमारतीत शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांनी लंडनची एकच फुलवाली आपापल्या भाषेत, वेगवेगळ्या नावांनी पाहिली असणे शक्य आहे.

मंजुळेचे स्वगत

'ती फुलराणी'त एलायझाची मंजुळा साळुंके झाली आणि हिगिन्सचा प्राध्यापक अशोक जहागीरदार. या भूमिका भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषी यांनी गाजवल्या. पु. लं.नी केलेला महत्त्वाचा बदल भाषेच्या स्वरूपाचा आहे. लंडनमध्ये उच्चार प्रामुख्याने वर्ग सांगतो. मराठीत तो वर्गाबरोबर गाव सांगतो, आणि गावाबरोबर बहुतेक वेळा जातही सांगतो. 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांच्या उच्चारांवरून मराठी माणूस समोरच्याचे कूळ ताडत आलेला आहे. त्यामुळे जहागीरदार मंजुळेला शिकवू लागतात तेव्हा मराठी प्रेक्षागृहात जे हसू उमटते, ते लंडनच्या हशापेक्षा अधिक गुंतागुंतीचे असते.

या नाटकातील सर्वांत गाजलेला भाग म्हणजे मंजुळेचे स्वगत. शिक्षकाने चालवलेल्या मानहानीचा ती मनातल्या मनात सूड घेते, त्याला अद्दल घडवण्याचे स्वप्न रंगवते. येथे समीक्षकाने एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शॉच्या नाटकात असे स्वगत नाही. शॉची एलायझा बंड करते ते चौथ्या अंकात, चपला फेकून, आणि पाचव्या अंकात, वाद घालून. सूडाचे असे स्वप्न आढळते ते 'माय फेअर लेडी' या संगीतिकेत, एका गीताच्या रूपाने. ही संगीतिका १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये आणि एप्रिल १९५८ पासून लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात रंगली. तेव्हा 'ती फुलराणी'चे नाते केवळ शॉच्या संहितेशी नाही, तर त्या संहितेच्या राजधानीतील लोकप्रिय रंजनरूपाशीही आहे. समीक्षेने ही बाब रूपांतराची मर्यादा मानण्याचे कारण नाही. वैचारिक नाटक आणि करमणूक यांच्यात आपण जी भिंत उभी करतो, ती पु. लं.नी मानली नाही, एवढाच याचा अर्थ.

अधिक महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. हे स्वगत मंजुळा कोणत्या भाषेत म्हणते? ती 'सुधारण्या'पूर्वीच्या, स्वतःच्या भाषेत. नाटकाचे कथानक जी भाषा पुसून टाकण्याच्या प्रयोगावर चालते, त्याच भाषेत नाटकाचा सर्वोच्च नाट्यक्षण आहे. सुधारलेल्या मंजुळेची वाक्ये सामान्य प्रेक्षकाला सहसा आठवत नाहीत. न सुधारलेल्या मंजुळेचे स्वगत मात्र महाराष्ट्रातील असंख्य मुलींना पाठ आहे. जहागीरदारांचा प्रयोग कथानकात यशस्वी होतो, परंतु प्रेक्षकांच्या स्मरणात मंजुळेची बोलीच जिंकते. शॉला जे लंडनबाहेर नेता येणार नाही असे वाटले, ते पु. लं.नी नेले नाहीच. त्यांनी त्या जागी मराठीतील बोलीचे सामर्थ्य उभे केले. हे या रूपांतराचे खरे यश आहे.

हशा आणि त्याचा हिशेब

येथपर्यंतचे विवेचन रूपांतराच्या बाजूने झाले. आता दुसरी बाजू. हे नाटक पाहताना आपण नेमके कोणाला हसतो?

पु. लं.नी 'अंमलदार' लिहिले ते गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'वरून. १८३६ साली ते नाटक पीटर्सबर्गमध्ये, म्हणजे तत्कालीन रशियाच्या राजधानीत, झारच्या उपस्थितीत झाले. राजधानीहून अधिकारी येणार या भीतीने एका आडगावची सत्ताधारी मंडळी कशी भांबावते, हा त्याचा विषय. या नाटकाच्या अखेरीस फजीत झालेला नगरप्रमुख हसणाऱ्यांनाच जाब विचारतो आणि प्रेक्षकांचे हसू त्यांच्याच अंगावर येते. जॉन गे याचे 'द बेगर्स ऑपेरा' हे १७२८ साली लंडनमध्ये आले. इटालियन संगीतिकांची गोडी लागलेल्या उच्चभ्रू प्रेक्षकांसमोर त्याने चोर, दरोडेखोर आणि भिकारी आणून उभे केले. त्यावरून ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी रचलेले 'थ्री पेनी ऑपेरा' ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनमध्ये रंगले. कथा लंडनचीच राहिली. ज्या सुस्थित वर्गावर ते प्रहार करत होते, त्याच वर्गाने त्यातील गाणी गुणगुणली, हा नाट्येतिहासातील प्रसिद्ध विरोधाभास आहे. मराठीत त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' झाला. थिएटर अकादमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली तो सादर केला आणि त्यात नाट्यसंगीतापासून पाश्चात्त्य पॉपपर्यंतच्या संगीतशैली एकत्र नांदल्या.

लंडन १७२८, बर्लिन १९२८ आणि महाराष्ट्र १९७८ अशी ही साखळी आहे. तिच्यातील प्रत्येक दुव्यावर एकच प्रश्न येतो. प्रेक्षागृहात बसलेला माणूस रंगमंचावरच्या भिकाऱ्याला हसतो, की भिकाऱ्याच्या आरशात दिसणाऱ्या स्वतःला? राजधानीतील उत्तम रंजनाने हा प्रश्न प्रेक्षकाला टाळू दिला नाही. नगरप्रमुखाचे तोंड प्रेक्षकांकडे वळते ते म्हणूनच.

'ती फुलराणी'च्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे कसा हाताळला जातो, याचा एक अनुभव नोंदवते. तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात या नाटकाचे वाचन चालू होते. मंजुळेच्या उच्चारांवर वर्ग हसत होता. ते स्वाभाविकही होते, कारण संहिता त्यासाठीच लिहिलेली आहे. मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी मात्र हसत नव्हती. घाटकोपरच्या डोंगरावरील वस्तीत राहणारी, घरी साताऱ्याकडची बोली बोलणारी ही मुलगी. तास संपल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, हिचं चुकलं काय?"

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मला देता आले नाही. प्रमाणभाषा आणि बोली यांचा भाषावैज्ञानिक संबंध मी सांगितला. बोली अशुद्ध नसते, ती वेगळी असते, हे पाठ्यपुस्तकातील वाक्यही सांगितले. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी परीक्षक होते, ही आठवण माझ्या मनात होती. त्या स्पर्धेत मंजुळेचे स्वगत दोन मुलींनी सादर केले होते. एकीची रोजची भाषा प्रमाण मराठी होती. तिने बोलीचे उच्चार मेहनतीने कमावले होते, आणि गुणपत्रिकेतील 'उच्चार व वाणी' या रकान्यात मी तिला भरघोस गुण दिले. दुसरीने स्वगत सादर केले, ते सहज होते. परंतु आरंभीचा स्वपरिचय तिने त्याच सहज बोलीत करून दिला, 'पाणी'चे 'पानी' झाले, आणि त्याच रकान्यात मी तिचे गुण कापले. मंजुळेची भाषा ज्या मुलीला पांघरावी लागली तिला बक्षीस मिळाले. जिची ती स्वतःची होती, तिला नाही. हा निर्णय कोणा संस्थेचा नव्हता, माझा होता. जहागीरदार होण्यासाठी ध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा लागत नाही. एक रकाना पुरतो.

हा वैयक्तिक कबुलीजबाब समीक्षालेखात का? कारण आस्वादाचा प्रश्न येथे मूल्याचा प्रश्न होतो. रंगमंचावर बोलीला दाद देणारा आणि वर्गात तीच बोली दुरुस्त करणारा प्रेक्षक एकच आहे. अंधेरीला लागून वेसावे कोळीवाडा आहे, मरोळ-कोंडिविट्याच्या गावठाणांत ईस्ट इंडियन समाजाची मराठी आहे, बोरिवलीसमोर खाडीपलीकडे गोराई आहे, आणि या सर्व उपनगरांत कोकण, देश, खानदेश येथून आलेल्या कुटुंबांच्या बोली आहेत. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आनंदात या बोलींचा वाटा किती, हे आपल्या गुणपत्रिकांवरून मोजायचे झाले तर उत्तर उत्साहवर्धक येणार नाही.

येथे एक प्रतिवाद संभवतो. प्रमाणभाषा शिकवणे हे अध्यापकाचे कर्तव्यच आहे. ती न आल्यास विद्यार्थिनीचेच नुकसान होते. हा युक्तिवाद खोटा नाही. शॉचेही नेमके हेच म्हणणे होते. फुलांच्या दुकानात नोकरी मिळावी म्हणूनच एलायझा स्वतःहून शिकायला येते. परंतु शॉच्या नाटकात आणखी एक गोष्ट आहे. शिकवणाऱ्याला आपल्या शिकवण्याचा जाब द्यावा लागतो. प्रयोग संपल्यावर या मुलीचे पुढे काय, हा प्रश्न हिगिन्सच्या घरातील स्त्रिया त्याला विचारतात, आणि अखेरीस एलायझा स्वतः विचारते. लंडनच्या १९१४ च्या प्रयोगात हिगिन्सची भूमिका करणाऱ्या बीरबोम ट्री यांनी शेवटी तिच्याकडे फुले फेकून प्रेमकथेचा आभास निर्माण केला, तेव्हा शॉ संतापले. पुढे १९१६ च्या आवृत्तीला जोडलेल्या उपसंहारात त्यांनी एलायझाचे लग्न फ्रेडीशी लावून टाकले. शिक्षकाला विद्यार्थिनी बक्षीस म्हणून मिळू नये, याबद्दल ते इतके ठाम होते. प्रमाणभाषा शिकवण्याचा अधिकार मान्य केला तरी, शिकवताना केलेल्या अवमानाचा हिशेब शिल्लक राहतोच.

आयात झालेली राजधानी

आजच्या उपनगरी प्रेक्षकासमोर तिसरा मार्ग खुला झालेला आहे. प्रवास नको, रूपांतरही नको. राजधानीचे रंजन जसेच्या तसे येथे येते. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ पासून आपल्या प्रयोगांचे चित्रपटगृहांतून प्रक्षेपण सुरू केले. मुंबईत ते नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये दाखवले गेले. वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ साली नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी तेथे 'द साउंड ऑफ म्युझिक' ही संगीतिका आली. मार्च २०२५ मध्ये 'द फँटम ऑफ द ऑपेरा' आली. लंडनमध्ये १९८६ साली ही संगीतिका प्रथम ज्या नाट्यगृहात रंगली, ते १९१४ साली 'पिग्मॅलियन' रंगलेलेच नाट्यगृह होय. म्हणजे एलायझाच्या नाट्यगृहातील रंजन आता पार्ल्यापासून काही किलोमीटरवर येऊन पोहोचले आहे.

याचे स्वागतच केले पाहिजे. लंडनच्या रंगतंत्राची, नेपथ्याची, गायनाची प्रत प्रत्यक्ष पाहायला मिळणे ही आपल्या नाट्यविद्यार्थ्यांच्या दृष्टीने मोठी संधी आहे. परंतु दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक, तिकिटाचा दर. तो उपनगरातील मराठी प्रयोगाच्या दराच्या कित्येक पट असतो. लंडनमध्ये स्वतःला राजधानीचे रंजन परवडावे यासाठी काही सोयी टिकून आहेत. नॅशनल गॅलरी आणि ब्रिटिश म्युझियममधील मूळ संग्रह विनाशुल्क पाहता येतात. १९९७ साली पुन्हा उभारलेल्या ग्लोब नाट्यगृहात आजही उभे राहून शेक्सपिअर पाहणाऱ्यांसाठी स्वस्त जागा राखलेली आहे. रंजन आयात करताना आपण रंगमंच आणला, उभ्याने पाहणाऱ्याची जागा आणली नाही.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. जसेच्या तसे आलेले नाटक प्रेक्षकाला काही विचारत नाही. 'फँटम'मधील पॅरिसचे संगीतिकागृह पाहताना आपण थक्क होतो. ते आपले नसते, म्हणून त्याची जबाबदारीही आपली नसते. 'ती फुलराणी' पाहताना मात्र सुटका नाही. फुलवाली आपल्याच नाट्यगृहाच्या बाहेर गजरे घेऊन उभी असते. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहातून बाहेर पडताना आपण तिच्याकडून गजरा घेतो, भाव करतो आणि रिक्षा शोधू लागतो. शॉच्या पहिल्या प्रवेशातील आई आणि मुलगी याहून वेगळे काय करतात? आयातीत रंजन आपल्याला राजधानीच्या प्रेक्षागृहात नेऊन बसवते. रूपांतर आपल्याला राजधानीच्या दारात आणून उभे करते, आणि ते दार आपल्याच गावचे निघते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सांगता येतील. युरोपीय राजधानीतील कलारंजनाचा मराठी आस्वाद हा केवळ प्रवाशांचा विषय नाही; रूपांतराच्या मार्गाने तो न गेलेल्यांचाही विषय झालेला आहे, आणि मराठी नाट्यसमीक्षेने प्रभावाच्या चर्चेपलीकडे जाऊन या प्रेक्षकाचा अभ्यास करणे आवश्यक आहे. 'ती फुलराणी'चे यश मूळ संहितेशी असलेल्या प्रामाणिकपणात शोधण्याऐवजी, तिने मराठी बोलीला मिळवून दिलेल्या रंगमंचीय प्रतिष्ठेत शोधले पाहिजे. तथापि ही प्रतिष्ठा रंगमंचापुरतीच राहिली. प्रेक्षागृहाबाहेर, विशेषतः महाविद्यालयीन वर्गांत आणि स्पर्धांत, ती आपण टिकवली नाही.

या लेखाच्या निमित्ताने एक छोटी सूचना करावीशी वाटते. वक्तृत्व आणि एकपात्री स्पर्धांच्या गुणपत्रिकेत 'उच्चार' या रकान्याखाली नेमके काय तपासायचे, हे परीक्षकांनी आधी ठरवून लिहून ठेवावे. स्पष्टता तपासावी, श्रवणीयता तपासावी. परंतु गाव आणि घर तपासू नये. प्रमाणभाषेचे ज्ञान जेथे अपेक्षित आहे, तेथे ते निबंधाच्या उत्तरपत्रिकेत तपासले जातेच.

त्या विद्यार्थिनीने पुढे अंतर्गत मूल्यमापनासाठी मंजुळेवरच टिपण लिहिले. ते प्रमाणभाषेत होते आणि निर्दोष होते. शेवटच्या परिच्छेदात तिने असे मत मांडले होते की, नाटकाच्या शेवटी मंजुळेला दोन्ही भाषा येतात, जहागीरदारांना मात्र एकच येते. हे निरीक्षण माझ्या कोणत्याही व्याख्यानात नव्हते.